मुलांचे अंगण मुलांना द्या

उन्हाळ्याची सुटी लागली की पूर्वी खेड्यांतील घरे सकाळीच रिकामी होत. मुले शोधावयाची तर करवंदांच्या जाळीत, आंब्याच्या झाडाखाली, नाही तर सुगीनंतर मोकळ्या पडलेल्या शेतांत शोधावी लागत. आज भर सुटीत गावातून फेरी मारावी, तर शेते ओस पडलेली आणि ओसरीवर चार मुले चार मोबाईलवर माना वाकवून बसलेली दिसतात. शहरातील पालकांची अडचण आम्ही जाणतो. तेथे जागाच नसते. परंतु ज्यांच्या दाराशी ओढा, माळ आणि झाडी आहे, त्या मुलांनीही कोंडून घेतल्यासारखे राहावे, याचा विचार आपण सर्वांनी करावयास हवा.

यात दोष मुलांचा नाही. मूल उंबरठ्याबाहेर पडू लागले की आपणच विचारतो, "खेळून का पोट भरणार आहे?" सकाळी शाळा, संध्याकाळी शिकवणी, रात्री गृहपाठ, असा त्याचा दिवस आपणच बांधून टाकला आहे. आपण उन्हातान्हात राबलो, निदान मुलांनी तरी चार अक्षरे शिकून सुखाने भाकरी खावी, ही आईबापांची इच्छा रास्तच आहे. पण उघड्यावरील खेळ म्हणजे अभ्यासातून चोरलेला वेळ, ही समजूत मात्र खरी नव्हे.

डोळ्यांचेच पाहा. चीनमधील ग्वांगझौ शहरातील बारा प्राथमिक शाळांत 2010 पासून तीन वर्षे एक प्रयोग झाला. सहा शाळांतील पहिलीच्या मुलांना रोज चाळीस मिनिटे अधिक उघड्यावर नेण्यात आले. बाकीच्या सहा शाळांचा क्रम नेहमीप्रमाणे चालू राहिला. तीन वर्षांनी पाहिले, तो नेहमीच्या शाळांत शंभरांपैकी सुमारे चाळीस मुलांना लांबचे अंधुक दिसू लागले होते. उघड्यावर जाणाऱ्या मुलांत हे प्रमाण सुमारे तीस होते. दिवसाचा बाहेरचा प्रकाश घरातील उजेडाहून कितीतरी पटींनी प्रखर असतो, आणि तो वाढत्या डोळ्यांना हितकर ठरतो, असे तज्ज्ञ सांगतात. ज्या पुस्तकांसाठी आपण मुलांना घरात बसवितो, ती वाचणारे डोळेच बाहेर गेल्याने नीट राहतात!

खेळाने बुद्धीलाही वळण लागते. विटीदांडू घ्या. विटी किती दूर गेली, दांडू किती वेळा पडेल, याचा अंदाज बांधताना मूल न कळत मोजमाप शिकते. त्या खेळातील 'वकट, लेंड, मुंड, नाल' हे आकडे आपल्यापैकी अनेकांनी मोजले असतील. तेलुगूतील 'ओकटि, रेंडु, मूडु, नालुगु' यांच्याशी ते किती जुळतात! मोठी माणसे भाषेवरून भांडतात. मुलांनी मात्र शेजाऱ्याचे आकडे आपल्या खेळात केव्हाच घेऊन टाकले. आमच्या हैदराबादकडील वाचकांना याचे कौतुक वाटेल. शिवाय लगोरीत किंवा आट्यापाट्यांत पंच नसला तरी डाव मोडत नाही. कोण बाद, कोण नाही, हे मुले भांडून, रुसून, पुन्हा एकत्र येऊन ठरवितात. हार पचविणे आणि दुसऱ्याला त्याची पाळी देणे यांची शिकवणी कोठेही मिळत नाही.

आणि निसर्ग! पहिल्या पावसानंतर मातीवर फिरणारा मृगाचा लाल मखमली किडा, झाडावर लुकलुकणारे काजवे, विहिरीवर झुकलेल्या फांदीला लोंबणारे सुगरणीचे घरटे, हे सारे पुस्तकातील चित्राहून निराळे असते. ते घरटे नर विणतो. अर्धे झाले की मादी येऊन पाहते. तिला पसंत पडले नाही तर नर दुसरे विणावयास घेतो. हे ज्याने स्वतः पाहिले, त्याला चिकाटीवर निबंध घोकावा लागणार नाही.

या विचाराला आपल्या भाषेत थोर परंपरा आहे. ताराबाई मोडक यांनी 1945 मध्ये बोर्डी येथे खेड्यांतील लहान मुलांसाठी काम सुरू केले. मुले शाळेपर्यंत येत नाहीत, तर शाळाच त्यांच्या अंगणात न्यावी, असे त्यांनी ठरविले, आणि त्यातून 'अंगणवाडी' हा शब्द आपल्याला मिळाला. पुढे अनुताई वाघ यांच्यासह कोसबाडला काम करताना, गुरे राखणाऱ्या आदिवासी मुलांसाठी 'कुरणशाळा' भरली. गुरे चरत आणि मुले झाडे, पाने, दगड, पक्षी यांच्याकडून शिकत. ज्या कुरणाला आपण शाळेचा शत्रू समजतो, त्यालाच या बायांनी शाळा बनविले.

येथे एक गोष्ट स्पष्टपणे लिहिणे आम्ही कर्तव्य समजतो. आपल्या घरांतील मुलींचे खेळणे मुलांच्या आधी संपते. मुलगी दहा-अकरा वर्षांची झाली की तिच्या कडेवर धाकटे भावंड आणि हातात घागर येते. तिचा भाऊ मात्र दिवेलागणीपर्यंत माळावर असतो. घरकाम शिकणे वाईट नाही, पण ते दोघांनीही शिकावे. भावाने घागर आणली तर बहिणीला तासभर खो-खो खेळता येईल. धावण्याची, हसण्याची आणि मोकळ्या हवेची गरज मुलगा-मुलगी पाहून येत नाही.

बाहेर धोके आहेत, हे आम्ही विसरलो नाही. विहीर आहे, साप आहे, भरधाव वाहने आहेत. त्यांवर उपाय म्हणून मुलांना घरात न कोंडता त्यांना शहाणे करावे. पाठीला वाळका भोपळा बांधून, वडीलधाऱ्यांच्या देखरेखीखाली पोहावयास शिकवावे. एकट्याने पाण्यात उतरू देऊ नये. गवतात किंवा दगडांच्या फटीत हात घालू नये, हे सांगावे. साप चावलाच, तर मांत्रिकाकडे वेळ न दवडता, चावलेला अवयव न हलविता तडक दवाखाना गाठावा.

तेव्हा पालकांना आमची विनंती एवढीच : ऊन उतरल्यावर रोज एक तास मुलामुलींना बाहेर सोडा. त्या तासात शिकवणी नको, मोबाईल नको, आपल्या सूचनाही फार नकोत. रविवारी मिस्सा आटोपल्यावर चर्चच्या पटांगणात थोडा वेळ थांबा आणि मुलांना तुमच्या वेळचा एखादा खेळ शिकवा. भोवऱ्याला जाळी कशी गुंडाळावी, हे आता कित्येक मुलांना ठाऊक नाही. ज्यांच्या शेतात पीक नाही, त्यांनी चार महिने मुलांना तेथे खेळू द्यावे. शेत, घर, दागिने यांच्या वाटण्या आपण पुढे करूच. पण बालपणाची वाटणी मागाहून देता येत नाही, ती आजच द्यावी लागते.