बाबासाहेबांचा रुपया : मोल किती, भाव किती?



कळमन्याच्या मार्केट यार्डात भल्या पहाटे संत्र्याच्या, मिरचीच्या, धान्याच्या गाड्या लागतात. हमाल, मापारी, हातगाडीवाले, मिरची निवडणाऱ्या बाया, चहाची टपरी चालविणारे अशा कितीतरी हातांतून दिवसभर चिल्लर फिरते. आता बरेचसे पैसे मोबाईलवरून जातात हे खरे. तरी चहा, भाजीची जुडी आणि ऑटोचे सुटे पैसे अजून नाण्यांतच मोजले जातात. या चिल्लरीत कधीमधी आपल्या बापाचा, बाबासाहेबांचा चेहरा असलेले नाणे हाती लागते. कुणी ते कपाळाला लावून बाजूला ठेवतो, कुणी मुलाच्या गुल्लकात टाकतो, तर कुणाच्या घरी ते बुद्ध-बाबासाहेबांच्या तसबिरीमागे वर्षानुवर्षे जपलेले असते.

अलीकडे या नाण्यांविषयी दोन गोष्टी आपल्या वस्त्यांतून ऐकू येतात. पहिली, ‘जुना रुपया द्या आणि लाखो रुपये घ्या’ ही मोबाईलवरची जाहिरात. दुसरी, ‘दहाचा सिक्का चालत नाही’ हे काही दुकानदारांचे उत्तर. एकीकडे नाण्याला नसलेला भाव सांगून गरिबाला लुटायचे आणि दुसरीकडे असलेली किंमतही नाकारायची! म्हणून या नाण्यांची खरी माहिती घराघरात असली पाहिजे.

आधी १९९० चा रुपया पाहू. १४ एप्रिल १९९० ते १४ एप्रिल १९९१ हे बाबासाहेबांचे जन्मशताब्दी वर्ष. १२ एप्रिल १९९० ला संसदेच्या मध्यवर्ती सभागृहात त्यांचे तैलचित्र लागले. १४ एप्रिलला मरणोत्तर भारतरत्न प्रदान झाले. त्याच निमित्ताने सरकारने त्यांची मुद्रा असलेला एक रुपया पाडला. स्वतंत्र भारतात एखाद्या व्यक्तीच्या स्मरणार्थ नाणे काढण्याची प्रथा १९६४ साली पंडित नेहरूंच्या नाण्यांपासून सुरू झाली. १९६९ ला गांधीजींच्या शताब्दीची नाणी आली. बाबासाहेबांच्या नाण्याला त्यानंतर दोन दशके वाट पाहावी लागली.

हा रुपया तांबे आणि निकेल यांच्या मिश्रधातूचा आहे. वजन ६ ग्रॅम, रुंदी २६ मिलिमीटर. १९९२ पासून स्टीलचा लहान, हलका रुपया आला. दोन्ही ओळखायला सोपी युक्ती आहे. लोहचुंबक लावून पाहा. स्टीलचा रुपया चिकटतो, १९९० चा चिकटत नाही. नाणे कुठे पाडले तेही कळते. सनाखालची बारीक खूण पाहायची. पत्त्यातल्या चौकटीसारखी खूण म्हणजे मुंबईची टांकसाळ, तारा म्हणजे हैदराबाद, गोल ठिपका म्हणजे नोएडा आणि काहीच खूण नसली तर कोलकाता. शाळकरी मुलांना भिंग देऊन बसवा, त्यांचा दुपारचा वेळ मोबाईलशिवाय कसा गेला ते कळणार नाही.

या रुपयावर बाबासाहेब असणे ही केवळ सन्मानाची बाब नाही, त्यामागे आणखी एक योग आहे. ज्या माणसाने रुपयाचा कसून अभ्यास केला, तोच माणूस रुपयावर आला. १९२३ साली लंडनहून त्यांचा ‘द प्रॉब्लेम ऑफ द रुपी’ हा ग्रंथ प्रसिद्ध झाला. त्याच विषयावर लंडन विद्यापीठाने त्यांना डी.एस्सी. ही पदवी दिली. १८३५ च्या कायद्याने कंपनी सरकारने १८० ग्रेन वजनाचा चांदीचा रुपया ठरवला. १८९३ मध्ये सरकारने चांदी घेऊन रुपये पाडून देणाऱ्या टांकसाळी जनतेसाठी बंद केल्या. या सगळ्या घडामोडींचा हिशेब त्यांनी त्यात मांडला. रुपयाची किंमत घसरली की भाव भराभर चढतात, पण मजुरी त्या वेगाने चढत नाही, म्हणजे मालकाचा नफा मजुराच्या पोटातून निघतो, हे त्यांनी त्या काळात सांगितले. १९२५ मध्ये हिल्टन-यंग आयोगापुढे त्यांनी साक्षही दिली. हमालीचे दर आणि डाळीचे भाव यांची शर्यत रोज पाहणाऱ्या कळमन्याच्या माणसाला हे वेगळे समजावून सांगायला नको. नागपुरात रिझर्व्ह बँकेच्या इमारतीसमोर, संविधान चौकात त्यांचा पुतळा उभा आहे. त्या चौकातून जाताना मुलांना ही गोष्ट जरूर सांगावी.

त्यानंतर २०१५ साल आले. १२५ व्या जयंतीनिमित्त ६ डिसेंबर २०१५ रोजी, महापरिनिर्वाण दिनी, पंतप्रधान नरेंद्र मोदी यांच्या हस्ते दिल्लीत दोन नाणी प्रकाशित झाली. एक १२५ रुपयांचे आणि दुसरे १० रुपयांचे. १२५ रुपयांचे नाणे ३५ ग्रॅमचे, ४४ मिलिमीटर रुंद असून त्यात निम्मी चांदी, ४० टक्के तांबे आणि बाकी निकेल व जस्त आहे. ते बाजारात फिरण्यासाठी नाही. ते टांकसाळीकडून संग्राहकांना विकले जाते. अलीकडे अशी मोठ्या किमतीची नाणी वारंवार निघतात. २०२३ मध्ये नव्या संसद भवनाचे ७५ रुपयांचे नाणे निघाले, तेही याच जातीचे. ही नाणी त्यांच्यावर लिहिलेल्या किमतीपेक्षा कितीतरी जास्त दराने विकली जातात. हौस आणि पैसा असेल त्याने जरूर घ्यावीत, पण कर्ज काढून किंवा मुलांच्या फीचे पैसे घालून घेऊ नयेत.

१० रुपयांचे नाणे मात्र आपल्या रोजच्या व्यवहाराचे आहे. ते दोन धातूंचे, बाहेर सोनेरी कडे आणि मध्ये चंदेरी चकती असलेले आहे. हेच नाणे काही ठिकाणी नाकारले जाते. कुणीतरी अफवा उठवली की ₹ चिन्ह नसलेले खोटे, किंवा अमुक रेषांचे खरे आणि तमुक रेषांचे खोटे. जानेवारी २०१८ मध्ये रिझर्व्ह बँकेने जाहीर पत्रक काढून स्पष्ट केले की तोवर निघालेले दहाच्या नाण्याचे १४ नमुने सगळेच खरे आणि सगळेच चालू आहेत. वेळोवेळी नवे प्रसंग, नव्या व्यक्ती यांच्यानुसार नक्षी बदलते, म्हणून नाणे खोटे ठरत नाही. २०११ च्या नाणे कायद्याप्रमाणे रुपया व त्यावरील नाणी १००० रुपयांपर्यंतच्या देण्यासाठी कायदेशीर चलन आहेत. चाराणे आणि त्याखालची नाणी ३० जून २०११ पासून बंद झाली, आठाणे मात्र बंद झालेले नाहीत. तेव्हा कुणी दहाचे नाणे परत केले तर भांडण न करता त्याला ही माहिती द्या. आपण स्वतः दुकान किंवा टपरी चालवीत असाल तर आपणही कुणाचे नाणे परत करू नका.

आता लाखोंच्या जाहिरातीकडे वळू. १९९० चा रुपया भरपूर संख्येने पाडला गेला होता. तो दुर्मीळ नाही. नाण्यांच्या व्यापाऱ्याकडे तो थोडक्या पैशांत मिळतो. अजिबात न वापरलेला, टांकसाळीतून आल्यासारखा चकचकीत असेल तर थोडे अधिक मिळतात, इतकेच. नाण्याचा भाव तीन गोष्टींवर ठरतो. किती नाणी शिल्लक आहेत, नाण्याची झीज किती झाली आहे आणि ते हवे असणारे किती आहेत. नाणे जुने आहे, एवढ्याने भाव येत नाही.

फसवणूक कशी होते ते समजून घ्या. जाहिरातीत दिलेल्या नंबरवर तुम्ही नाण्याचा फोटो पाठवता. समोरचा लगेच पाच-सात लाखांचा भाव सांगतो. मग नोंदणीचे हजार रुपये मागतो. ते दिले की कर भरायला पैसे मागतो, मग ‘रिझर्व्ह बँकेचे प्रमाणपत्र’ म्हणून आणखी मागतो. शिक्का मारलेले खोटे पत्रही पाठवतो. नाणे तुमच्याजवळच राहते आणि महिन्याची कमाई निघून जाते. ४ ऑगस्ट २०२१ रोजी रिझर्व्ह बँकेने जाहीर केले आहे की जुन्या नोटा-नाण्यांच्या खरेदी-विक्रीशी तिचा संबंध नाही आणि त्यासाठी ती कुणाकडून शुल्क किंवा कमिशन मागत नाही. लक्षात ठेवा, खरा खरेदीदार पैसे देतो, मागत नाही. फसवणूक झाली तर लाजेखातर गप्प बसू नका. ताबडतोब १९३० या क्रमांकावर कळवा.

तसेच कंपनी सरकारचे नाव आणि १८१८ साल घालून देवादिकांची चित्रे असलेले तांब्याचे ‘सिक्के’ जत्रेत, बाजारात विकले जातात. कंपनीने अशी नाणी पाडलेली नव्हती. ती नंतर बनवलेली टोकन आहेत. त्यांच्यासाठी घाम गाळून मिळवलेला पैसा घालवू नये.

मग नाणी जमवायचीच कशाला, असे कुणी विचारील. त्याचे उत्तर आपल्याच महाराष्ट्राच्या मातीत आहे. नाशिकच्या लेण्यांत, दहाव्या क्रमांकाच्या लेण्यात, क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात याचा सुमारे १९०० वर्षांपूर्वीचा शिलालेख आहे. त्याने भिक्खूसंघासाठी ३००० कार्षापण, म्हणजे त्या काळची चांदीची नाणी, विणकरांच्या श्रेणींकडे कायमची ठेव म्हणून ठेवली. श्रेणी म्हणजे कारागिरांची संघटना. त्यातील २००० कार्षापणांवर दरमहा शेकडा एक व्याज ठरले. वर्षाचे व्याज २४०. वर्षावासाला त्या लेण्यात राहणाऱ्या २० भिक्खूंना चीवरासाठी प्रत्येकी १२. मुलांना हे गणित करून पाहायला सांगा, बरोबर जुळते. मूळ ठेव कधीच मोडायची नाही, असेही त्यात लिहिले आहे. आज बचत गटाचा हिशेब ठेवणाऱ्या आपल्या भगिनींना ही रीत ओळखीची वाटेल. नागपूरच्या गिरण्यांत ज्यांच्या बापजाद्यांनी मागावर आयुष्य काढले, त्यांनी तर हे जरूर वाचावे. त्या काळी विणकरांवर इतका विश्वास होता की संघाची ठेव त्यांच्याकडे सुपूर्द केली जाई.

शिलालेखातली ती नाणी कशी होती हेही आपल्याला कळले आहे. १९०६ साली नाशिक जिल्ह्यात जोगळटेंभी येथे नहपानाच्या चांदीच्या नाण्यांचा १३ हजारांहून मोठा साठा सापडला. त्यातील ९ हजारांवर नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने आपले ठसे पुन्हा मारलेले आहेत. एक राजा हरला आणि दुसरा जिंकला, हे लोकांना त्यांच्या हातातल्या नाण्यावरून कळले. आपल्या विदर्भातही १९३९ मध्ये तत्कालीन अकोला जिल्ह्यातील तऱ्हाळा गावी सातवाहनांच्या नाण्यांचा मोठा साठा सापडला आणि नागपूरचे विद्वान वा. वि. मिराशी यांनी त्याचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यामुळे सातवाहन राजांची नावे आणि क्रम ठरवायला मोठी मदत झाली. १८६३ मध्ये स्थापन झालेल्या नागपूरच्या मध्यवर्ती संग्रहालयात, म्हणजे आपल्या अजब बंगल्यात, प्राचीन नाण्यांचा संग्रह आहे. शिवाय १९५० पासून आपल्या प्रत्येक नाण्यावर सारनाथचे सिंह आहेत. ज्या ठिकाणी तथागतांनी पहिले प्रवचन दिले तिथला सम्राट अशोकाचा तो स्तंभशीर्ष आज सर्वांत गरीब माणसाच्या खिशातही आहे.

खोदकामावर जाणाऱ्या बांधवांसाठी एक गोष्ट. पाया किंवा विहीर खणताना जुनी नाणी सापडली तर ती वाटून घेऊ नका, सोनाराकडे वितळवायला नेऊ नका. १८७८ च्या निखात निधी कायद्यानुसार दहा रुपयांहून अधिक मोलाचा ठेवा सापडल्यास जिल्हाधिकाऱ्यांना कळवणे बंधनकारक आहे. लपवणारा गुन्हेगार ठरतो आणि हक्कही गमावतो. पण कळवणाऱ्याचा हक्क त्याच कायद्यात आहे. ठेव्याला कुणी मालक निघाला नाही आणि वेगळा करार नसला, तर तीन चतुर्थांश वाटा सापडवणाऱ्याचा आणि एक चतुर्थांश जमीनमालकाचा. सरकारने तो घ्यायचे ठरवल्यास धातूच्या किमतीवर एक पंचमांश अधिक द्यावे लागते. हा कायदा मुकादमाला माहीत असतो, मजुरालाही माहीत असला पाहिजे.

शेवटी, घरातली नाणी जपण्याविषयी. चिंच, राख किंवा टूथपेस्ट लावून नाणे कधीही घासू नये. वरचा थर जातो आणि संग्राहकाच्या दृष्टीने नाणे बाद होते. नाणे कडांना धरावे. मऊ प्लास्टिकच्या पाकिटाऐवजी कागदी पाकिटात, कोरड्या जागी ठेवावे. लॉकेटसाठी भोक पाडू नये. नाणे वितळवणे किंवा नष्ट करणे हा तर २०११ च्या कायद्याने गुन्हा आहे.

पाकिटावर साल, धातू, टांकसाळीची खूण आणि हे नाणे घरात कुणी, केव्हा आणले ते लिहून ठेवा. आजीने १९९० मध्ये मजुरीच्या पैशांतून बाजूला काढलेला रुपया असेल तर तसे लिहा. ती एक ओळ बाजारात कुठेही विकत मिळत नाही. येत्या रविवारी गुल्लक उघडा, मुलांना जवळ बसवा आणि एक शंभर पानी वही काढा. पहिल्या पानावर बाबासाहेबांच्या रुपयाची नोंद करा आणि ती मुलीच्या हस्ताक्षरात असू द्या.