अ‍ॅप काढले म्हणजे फायरवॉल गेली का?

मोबाइलवरून अ‍ॅप काढले की त्याचे काम थांबते. उबंटूवर फायरवॉलच्या बाबतीत हाच समज महागात पडू शकतो.

इथे तीन थर आहेत. नेटवर्कवरून येणारी माहिती प्रत्यक्ष अडवतो तो लिनक्स कर्नलमधला नेटफिल्टर. त्याला नियम सांगते यूएफडब्ल्यू. ती २००८च्या ८.०४ आवृत्तीपासून उबंटूत आहे, पण सुरुवातीला बंद असते. जीयूएफडब्ल्यू हे तिचे फक्त बटणांचे रूप. त्यामुळे ते नुसते इन्स्टॉल करून संरक्षण मिळत नाही. आतले बटण चालू करावे लागते. आणि ते काढले तरी फायरवॉल सुरूच राहते. नियम तेच, फक्त डोळ्यांआड. मग घरातल्या दुसऱ्या संगणकाला आपल्या फाइल्स का दिसत नाहीत, याचा शोध भलतीकडेच सुरू होतो.

सर्व्हरवर धोका मोठा. यूएफडब्ल्यू सुरू होताच बाहेरून येणाऱ्या नव्या जोडण्या अडवते. एसएसएचचा २२ क्रमांकाचा पोर्ट आधी खुला केला नसेल, तर पुढच्या वेळी तुम्हीच दाराबाहेर!

म्हणून क्रम पाळा. सुरू करण्याआधी लागणारे पोर्ट खुले करा. फायरवॉल नकोच असेल, तर आधी ती बंद करा, स्टेटस तपासा, मग अ‍ॅप काढा.

पण सगळा भार वापरकर्त्यावर टाकणे योग्य नाही. अ‍ॅप काढताना ‘फायरवॉल अजून सुरू आहे’ एवढी एक ओळ पडद्यावर दिसायलाच हवी.