चाड्यावरची मूठ आणि इंजिनातले नोझल



तिफणीने पेरताना चाड्यावरची मूठ सराईत लागते. तिन्ही नळ्यांतून दाणे सारखे पडले तर पीक एकसारखे उगवते. एक नळा मातीने बुजला तर एक ओळ रिकामी जाते. डिझेल इंजिनाचेही असेच आहे. तेथे चाडे म्हणजे पंप आणि नळे म्हणजे इंजेक्टर, ज्यांना आपण नोझल म्हणतो. प्रत्येक सिलिंडरला वेळेवर, मापात आणि धुक्यासारखे बारीक डिझेल मिळाले पाहिजे. एका नोझलने कमी व दुसऱ्याने जास्त दिले की इंजिन थरथरते, धूर ओकते आणि डिझेल वाया जाते. हे माप तपासून सारखे करणे म्हणजेच कॅलिब्रेशन.

जुन्या पद्धतीच्या इंजिनात नोझल हाताच्या टेस्टरवर लावून तीन गोष्टी पाहतात. ठरलेल्या दाबालाच ते उघडते का, फवारा बारीक व सारखा पडतो का आणि त्याआधी टोकाला थेंब धरतो का. हा दाब दर चौरस सेंटिमीटरला २०० किलोच्या आसपास असतो. आपल्या इंजिनाचा नेमका आकडा पुस्तिकेत दिलेला असतो. स्क्रू फिरवून किंवा पातळ चकत्या घालून तो जुळवतात. एकाच रांगेत घटक असलेला पंप बेंचवर चालवून प्रत्येक घटकाचे डिझेल काचेच्या मापनळीत घेतात आणि सगळ्या नळ्यांतील पातळी सारखी करतात.

आता नवे यंत्र पाहू. १ जानेवारी २०२३ पासून ५० अश्वशक्तीहून मोठ्या नव्या ट्रॅक्टरांना धुराचे कडक नियम लागू झाले. त्यासाठी या गटात कॉमन रेल पद्धतीची इंजिने आली. यात सर्व नोझलांना एकाच नळीतून अतिशय जास्त दाबाचे डिझेल मिळते, आणि कोणते नोझल केव्हा व किती वेळ उघडायचे हे संगणकाची पेटी, म्हणजे ईसीयू, ठरवते.

कितीही नेमके घडवले तरी दोन नोझले तंतोतंत सारखी होत नाहीत. म्हणून कारखान्यात प्रत्येक नोझल तपासतात आणि त्याचा फरक अक्षरे-आकड्यांच्या संकेतात त्याच्यावरच छापतात. हा संकेत पेटीला कळवला की ती त्या नोझलचे माप त्याप्रमाणे सुधारून घेते. बहुतेक अशा इंजिनांत नवे नोझल घातले की नवा संकेत नोंदवावा लागतो. नोझलांची आपसांत अदलाबदल झाली, तरी संकेत बदलावे लागतात. हे राहून गेले, तर नवे महाग नोझल बसवूनही इंजिन डळमळत चालते आणि दोष मालाला दिला जातो.

येथे एक धोक्याची सूचना. बंद पडलेला सिलिंडर शोधण्यासाठी चालू इंजिनात नोझलच्या नळीचे नट एकेक करून सैल करण्याची जुनी सवय आहे. कॉमन रेल इंजिनात असे कधीही करू नका. ट्रॅक्टरच्या मागच्या टायरात साधारण एक किलोचा दाब असतो. या नळीत तो हजार-दीड हजार किलोपर्यंत जातो. अशी धार कातडी भेदून आत शिरते. जखम सुई टोचल्याएवढी दिसते, सुरुवातीला फारशी दुखतही नाही. पण आत मांस सडून बोट किंवा हात गमावण्याची वेळ येते. असे झाल्यास हळद लावून घरी थांबू नका. ताबडतोब मोठ्या रुग्णालयात जा आणि “जास्त दाबाचे डिझेल आत शिरले आहे” असे डॉक्टरांना स्पष्ट सांगा. गळती शोधायलाही हात फिरवू नका. दूरून पुठ्ठा धरा.

खर्चात पडण्यापूर्वी हे करावे :

१. काळा धूर दिसताच नोझलला दोष देऊ नका. आधी हवेचा फिल्टर पाहा.

२. डिझेल फिल्टरखालील पाणी पुस्तिकेत सांगितल्याप्रमाणे काढा. पाणी व कचरा हे नोझलचे पहिले शत्रू. डिझेलात रॉकेल मिसळू नका.

३. नव्या ट्रॅक्टरचा दोष आधी तपासणी-यंत्रावर वाचून घ्या. इंजिन सारखे चालावे म्हणून पेटी कोणत्या सिलिंडरला किती कमी-जास्त डिझेल देते, ते त्यावर दिसते. मात्र आकडा मोठा आला म्हणजे नोझलच खराब असे नाही. कॉम्प्रेशन कमी असले तरी तसे होते.

४. नोझल बदलले तर जुने परत मागा, पावतीवर नव्याचा संकेत लिहून घ्या आणि “पेटीत नोंदवला का?” असे विचारा.

५. घरात एक वही ठेवा. किती तास काम, किती लिटर डिझेल, एवढेच लिहायचे. शाळेत जाणारी मुलगीही हे लिहील. त्याच कामाला डिझेल वाढत चालले, की धूर दिसण्याआधीच वही सांगेल.

पेरणीच्या आदल्या दिवशी गॅरेजात रांग लागते. ट्रॅक्टर रिकामा असताना, उन्हाळ्यातच हे काम उरकून घ्यावे. वापसा कोणासाठी थांबत नाही.