वीरमरणाच्या आड

आपल्या शेळगावासारख्या इंदापूर-बारामतीकडच्या गावांत पहाटे भरतीसाठी धावणारी मुले दिसतात. त्यांतला कोणी पोलिसांत किंवा सैन्यात लागला की आपण पेढे वाटतो. तोच तिरंग्यात परत आला तर सारा गाव वेशीवर जमतो, फुले उधळतो, चौकात फलक उभा करतो. या रीतीतली माया खरी आहे. पण या मायेनेच पिढ्यान्‌पिढ्या आपले डोळे झाकले. मरणाला एकदा वीरमरण म्हटले की ते टळले असते का, हे विचारणेही आपल्याला अभद्र वाटते, आणि त्या मुलाला कोणत्या गाडीत बसवून पाठवले होते हा प्रश्न चितेबरोबरच जळून जातो.

27 मार्च 2012 रोजी गडचिरोलीत पुस्टोल्याजवळ केंद्रीय राखीव पोलिसांची बस भूसुरुंगाने उडाली. बारा जवान गेले. सात वर्षांनी, 1 मे 2019 रोजी, आपण महाराष्ट्र दिन साजरा करत असताना त्याच जिल्ह्यात कुरखेड्याजवळ जांभूळखेड्याला तशाच सुरुंगाने पंधरा पोलीस आणि त्यांच्या गाडीचा चालक गेले. ती गाडी खासगी होती. सुरुंगाचा मार खालून येतो. साध्या गाडीचा सपाट तळ तो पुरता झेलतो आणि बसलेल्याच्या मणक्यात उतरवतो. म्हणून सुरुंगरोधक गाडीचा तळ नांगराच्या फाळासारखा निमुळता असतो, दाब दोन्ही अंगांना फाकतो. आसनेही तळापासून अधांतरी ठेवतात. या गाड्या आपल्याकडेही बनतात. लष्करी वाहनांची संशोधन संस्था अहिल्यानगरला आहे, आणि अशा गाड्यांसाठी 2021 साली संरक्षण मंत्रालयाने पुण्याच्याच भारत फोर्जला सुमारे 178 कोटींचे काम दिले. मोठ्या सुरुंगापुढे चिलखतही हरते हे खरे. 2018 साली छत्तीसगडच्या सुकमा जिल्ह्यात किस्तारामजवळ सुरुंगरोधक गाडीतले नऊ जवान गेले. म्हणूनच चिलखत वाढवत राहावे लागते आणि रस्ता आधी तपासावा लागतो. चिलखत हरते याचे निमित्त करून माणसांना नुसत्या पत्र्याआड बसवणे हा अन्याय आहे.

हा अन्याय एकट्या सरकारचा नाही. मते मागायला आलेल्यांना आपण उसाचा भाव विचारतो, पाण्याचे आवर्तन विचारतो, आणि ते रास्तच आहे. मुलांच्या गाडीबद्दल मात्र आपल्यापैकी कोणीही विचारत नाही. न विचारणाऱ्या गावाची मुले स्वस्त पडतात. येत्या ग्रामसभेत ठराव करून गृहखात्याला लेखी विचारू या: सुरुंगांच्या रस्त्यांवर किती पथके अजून साध्या गाडीतून जातात, आणि कधीपर्यंत जाणार?