सहल ‘एका दमात’ नको

पाऊस ओसरला, दिवाळीची चाहूल लागली की आपल्या भागातील गाड्या रस्त्याला लागतात. पूर्वी सहल म्हणजे शाळेची, नाही तर भाड्याची गाडी ठरवून सगळ्या भावकीने केलेले देवदर्शन. आता मुले मार्गी लागली, घरात सून आली की पन्नाशी-साठीतली जोडपी दोघेच गाडी काढून निघतात. मला ही गोष्ट मनापासून आवडते. जन्मभर संसाराचा गाडा ओढल्यावर दोघांनी मिळून चार डोंगर पाहावेत, समुद्रावर बसावे. माझी तक्रार आहे ती जाण्याच्या पद्धतीबद्दल.

आपल्याकडे ‘काय पाहिले’ यापेक्षा ‘किती तासांत पोहोचलो’ याची फुशारकी जास्त. त्यात आपला भाग गलाईवाल्यांचा. सोन्या-चांदीच्या गलाईसाठी विटा, खानापूर, आटपाडीकडची माणसे देशाच्या कानाकोपऱ्यांत गेली. जत्रेला, दिवाळीला शेकडो मैलांवरून गाडीने गावी यायचे आणि ‘रात्री निघालो, कुठे थांबलो नाही’ असे पारावर सांगायचे, ही सवय अंगात मुरली आहे. गावाच्या ओढीने केलेली घाई एक वेळ समजू शकते. सहलीला तीच घाई कशासाठी?

आपला गुहागर-विजापूर रस्ताच पाहा. पूर्वेला गेलात तर विजापूरचा गोल घुमट. पश्चिमेला कऱ्हाडचा कृष्णा-कोयनेचा संगम, पुढे पाटण, कोयनानगरचे नेहरू उद्यान, नवजाजवळचा ओझर्डे धबधबा, मग कुंभार्ली घाट उतरून चिपळूण आणि शेवटी गुहागरचा किनारा. थोडी वाट वाकडी केली तर यशवंतराव चव्हाणांचे जन्मगाव देवराष्ट्रे आणि त्याला लागून सागरेश्वर अभयारण्य. धों. म. मोहिते यांच्या ध्यासातून बोडक्या डोंगरावर उभे राहिलेले हे जंगल १९८५ साली अभयारण्य झाले. हे सगळे दोन दिवसांत ‘उरकून’ आलेली जोडपी तिसऱ्या दिवशी दवाखान्यात दिसतात. फोटो भरपूर असतात. आणि पाय सुजलेले, लघवीला जळजळ, रक्तदाब चढलेला.

यामागचे कारण साधे आहे. पोटरीचे स्नायू हलले की पायातले रक्त वर हृदयाकडे ढकलले जाते. तासन् तास पाय लोंबकळत ठेवून बसले की ते रक्त खालीच साकळते. क्वचित शिरेत त्याची गुठळी होते आणि ती सुटून फुप्फुसात गेली तर जिवावर बेतते. जागतिक आरोग्य संघटनेने २००७ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार सलग चार तासांपेक्षा जास्त प्रवासाने हा धोका सुमारे दुप्पट होतो. विमानच नव्हे, मोटार, बस, रेल्वे सगळीकडे. निरोगी माणसाला हा धोका मुळात फार थोडा, म्हणून घाबरू नये. पण वजन जास्त असलेले, नुकतेच ऑपरेशन झालेले, कॅन्सरचे उपचार चालू असलेले किंवा पूर्वी गुठळी झालेले यांनी जपावे. प्रवासानंतर काही आठवड्यांतही एकच पाय सुजला, पोटरी दुखू लागली, तर लगेच डॉक्टरांकडे जावे. अचानक दम लागला किंवा छातीत दुखले, तर तडक मोठे रुग्णालय गाठावे.

दुसरी गोष्ट बायकांची, आणि ती कोणी बोलत नाही. वाटेत धड संडास-मुतारी नाही म्हणून आपल्या आया-बहिणी निघण्याच्या आदल्या रात्रीपासून पाणी तोडतात. ‘ह्यांना’ गाडी थांबवा म्हणायचा संकोच वाटतो. दिवसभर पाणी नाही आणि लघवी तुंबवून ठेवलेली, मग जंतूंना आयतेच फावते. मधुमेह असेल तर विचारायलाच नको. मुतखड्याच्या रोग्यालाही हे महागात पडते. प्रोस्टेट वाढलेल्या पुरुषांची तर लघवी तुंबवून ठेवल्याने कधी कधी साफ अडते. रक्तदाबाची, हृदयाची लघवीवाटे पाणी काढणारी गोळी काही जण प्रवासात परस्पर बंद करतात आणि दम लागून येतात. गोळी बंद करू नका. तिची वेळ बदलता येईल का, ते आपल्या डॉक्टरांना विचारा.

याबाबत एक गोष्ट स्पष्ट लिहितो. स्वच्छ सर्वेक्षण २०२१ मध्ये एक लाखापेक्षा कमी वस्तीच्या शहरांत आपल्या विट्याने देशात पहिला क्रमांक पटकावला. ज्या गावाने हे करून दाखवले, त्या गावाला रस्त्यावरही तेच मागण्याचा अधिकार आहे. महामार्ग रुंद झाला की विकास झाला असे आपण मानतो. पण दर काही मैलांवर पाणी, दिवा आणि आतून कडी असलेले बायकांचे स्वच्छतागृह नसेल, तर तो रस्ता अर्ध्याच माणसांसाठी झाला. हॉटेल, पेट्रोल पंप, पाहण्याची ठिकाणे, सगळीकडे आपण हे विचारले पाहिजे. गिऱ्हाईक विचारू लागले की सोय होते.

तोवर आपल्या हातात आहे तेवढे करू. दर दोन तासांनी गाडी थांबवावी, पंधरा मिनिटे दोघांनी चालावे. पाणी घोटघोट पीत राहावे. इन्सुलिन उन्हात उभ्या गाडीत ठेवू नये. मधुमेही चालकाने साखर किंवा ग्लुकोज हाताशी ठेवावे आणि जेवणाची वेळ चुकवू नये. घाटात मळमळणाऱ्याने पुढे बसून दूरवर पाहावे. उलटीच्या आणि सर्दीच्या बऱ्याच गोळ्यांनी झोप येते, चालवणाऱ्याने त्या घेऊ नयेत. मध्यरात्रीनंतर पहाटेपर्यंत गाडी चालवू नये. गुडघे किंवा हृदय दुबळे असेल तर गोल घुमटाचे जिने चढण्याचा हट्ट नको. तो खालूनही भव्य दिसतो.

आणि नवरोबांना एक विनंती. सुकाणू तुमच्या हाती असू द्या, पण गाडी कुठे आणि किती वेळ थांबायची, हे शेजारी बसलेल्या माउलीला ठरवू द्या. गुहागरला दोन तास उशिरा पोहोचाल. समुद्र कुठे जात नाही.