वळचणीपलीकडची जमीन

घराची हद्द कोठें संपते, हा प्रश्न ज्यानें वाड्यांत जन्म घालविला त्याला नवा नाहीं. भिंत आपली खरी. परंतु वळचणीचें पाणी पडतें ती हातभर जागा कोणाची, एवढ्यावरून चुलतभावांचे दावे पिढ्यान्‌पिढ्या चाललेले आम्हीं पाहिले आहेत. ओट्यापुढें सडा घरची सून घालते, रांगोळीही तीच काढते. तथापि ती जागा असते नगरपालिकेची, आणि रस्ता रुंद होऊं लागला म्हणजे रांगोळीला कोणी विचारीत नाहीं. कागदावरची मालकी एक व मनांतली मालकी दुसरी. बहुतेक शेजारकलह या दोहोंमधल्या चिंचोळ्या जागेंतच उगवतात. या खेपेस अशाच एका जागेविषयीं लिहावयाचें आहे; मात्र ती सातासमुद्रांपलीकडची आहे.

अमेरिकेंतील जुन्या वस्त्यांत पदपथ आणि गाडीरस्ता यांच्या दरम्यान हिरवळीचा एक अरुंद पट्टा राखण्याची चाल आहे. त्यावर झाडें लावतात, हिंवाळ्यांत रस्त्यावरचें बर्फ त्यावर लोटतात. क्लीव्हलंड नगरांत यास ‘ट्री लॉन’ म्हणतात, तर जवळच्याच ॲक्रन नगरांत ‘डेव्हिल स्ट्रिप’, म्हणजे सैतानी पट्टा! इंग्लंडांत हाच ‘व्हर्ज’ होतो व ऑस्ट्रेलियांत ‘नेचर स्ट्रिप’. नांवांप्रमाणें हक्कांतही एकवाक्यता नाहीं. कित्येक नगरांत ही जमीन नगरसंस्थेचीच असते; कित्येक ठिकाणीं ती घरमालकाची असून तीवर लोकांच्या वहिवाटीचा हक्क असतो. गवत कापण्याचें काम मात्र बहुतेक ठिकाणीं घरमालकाच्याच माथीं असतें. जागा चारचौघांची आणि मशागत एकाची, अशी ही व्यवस्था आहे.

आतां या पट्ट्यावर कांहीं हौशी लोक धातुशोधक यंत्र घेऊन फिरतात. हें यंत्र म्हणजे एका दांड्याच्या टोकाशीं बसविलेलें तारेचें वेटोळें. त्यांतून उलटसुलट वाहणारा विद्युत्प्रवाह सोडला म्हणजे भोंवतीं बदलतें चुंबकीय क्षेत्र उत्पन्न होतें. त्याच्या टापूंत धातु आला कीं त्या धातूंत लहान लहान भोंवरेप्रवाह खेळूं लागतात, त्यांचा प्रतिसाद यंत्र टिपतें, आणि कानांतील कर्णयंत्रांत सूर उमटतो. या विद्येचा जन्म मोठ्या करुण प्रसंगीं झाला. सन १८८१ च्या जुलै महिन्यांत अमेरिकेचे अध्यक्ष गारफील्ड यांस गोळी लागली. ती शरीरांत कोठें रुतली आहे हें शोधण्यास टेलिफोनचे जनक अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल आपलें उपकरण घेऊन गेले. परंतु अध्यक्षांच्या गादींतील पोलादी स्प्रिंगांनीं त्यास चकविलें. सप्टेंबरांत अध्यक्ष निवर्तले. पुढें दुसऱ्या महायुद्धांत कोसात्स्की नामक पोलिश अधिकाऱ्यानें सुरुंग हुडकण्याचें सुवाह्य यंत्र सिद्ध केलें, तें १९४२ सालीं एल्‌ अलामेनच्या रणांत उपयोगी पडलें. आणि युद्ध संपल्यावर सैन्याचीं उरलेलीं यंत्रें स्वस्तांत विकलीं जाऊन हौशी लोकांच्या हातीं आलीं.

यांस पट्ट्यांत काय मिळतें? मुख्यतः डब्यांचीं झांकणें, खिळे आणि चांदीचा वर्ख वाटावा असे चकचकीत कागद! परंतु अधूनमधून नाणेंही मिळतें. लोक गाडींतून येथेंच उतरत, खिशांतून रुमाल काढतांना येथेंच पैसा पडे, मुलें येथेंच खेळत. आणि घरें पाडून नवीं झालीं तरी या पट्ट्याची माती बहुधा जागची हलली नाहीं. अमेरिकेचीं दहा व पंचवीस सेंटांचीं नाणीं १९६४ सालापर्यंत शेंकडा ९० भाग चांदीचीं असत. १९६५ पासून तांबें व निकेल यांचीं निघूं लागलीं. त्यामुळें १९६४ च्या मागचें नाणें हातीं लागणें हा या छंदांतला आनंदाचा क्षण. दहा सेंटांच्या नाण्याचें वजन अवघें अडीच ग्रॅम. त्याच्या किंमतींत कोणी श्रीमंत होत नाहीं. गोडी आहे ती शोधाची.

आमचे एक स्नेही निवृत्त वकील आहेत. त्यांचा सतरा वर्षांचा नातू अमेरिकेंत आईबापांजवळ असतो. त्यानें उन्हाळ्यांत लोकांचीं गवतें कापून पैसे जमविले व असें यंत्र घेतलें. मुलगा वकिलाचाच नातू. त्यानें नगराचे नियम आधीं वाचले, मनाई कोठें दिसली नाहीं, तेव्हां तो कागद खिशांत ठेवून एका शनिवारीं सकाळीं तो एका अपरिचित घरासमोरील पट्ट्यावर गुडघे टेकून बसला. घरमालक तावातावानें बाहेर आला व ‘माझ्या हिरवळीवरून ऊठ’ म्हणाला. मुलानें कागद पुढें केला. शब्दानें शब्द वाढला, आणि गृहस्थानें पोलिसांस बोलाविलें. अंमलदारानें कागद वाचला, गुन्हा कांहीं नाहीं असें सांगितलें, व खड्डा बुजवून आजच्यापुरतें घरीं जा, म्हणून मुलास वाटेस लावलें. एवढेंच घडलें. परंतु परक्या देशांत, कातडीच्या वेगळ्या रंगाचा आपला मुलगा हातांत दातेरी खुरपें घेऊन पोलिसांपुढें उभा राहिला, हें ऐकून त्याच्या आईचा थरकांप झाला. तिनें त्याच रात्रीं यंत्र कपाटांत घालून कुलूप लावलें. वडील म्हणाले, गुन्हा नव्हता तर शिक्षा कशाची? दुसऱ्या दिवशीं सगळी हकीकत आजोबांकडे आली, आणि सायंकाळीं कट्ट्यावर आमच्याकडे.

“मास्तर,” स्नेही म्हणाले, “मुलाचा हक्क असतां त्यानें माघार कां घ्यावी? न वापरलेला हक्क गंजतो.” सूनबाईंचें म्हणणें याच्या अगदीं उलट, कीं असला छंदच नको. आमच्या मतें दोघांचेंही म्हणणें अर्धेंच बरोबर आहे.

हक्काचेंच आधीं पाहूं. नियमांत मनाई नाहीं याचा अर्थ परवानगी आहे असा नेहमीं होत नाहीं. आणि जागा सार्वजनिक आहे याचा अर्थ ती बेवारशी आहे असा तर कधींच होत नाहीं. इंग्लंडांत सरे परगण्यांतील फार्नहॅम येथील सार्वजनिक उद्यानांत १९९२ सालीं एका गृहस्थास अशाच यंत्राच्या साहाय्यानें मध्ययुगांतील सोन्याची एक पदकपिन सांपडली. ती सुमारें नऊ इंच खोल होती. उद्यान वेव्हर्ले येथील कौन्सिलचें. वाद वरिष्ठ न्यायालयांत गेला व १९९५ सालीं निकाल कौन्सिलच्या बाजूनें लागला. न्यायालयानें म्हटलें कीं, जमिनीच्या पोटांतली वस्तु जमिनीच्या धन्याची. आणि लोकांस उद्यानांत विहाराची मुभा आहे, तींत खणण्याची मुभा येत नाहीं. हा निकाल इंग्लंडचा आहे, अमेरिकेचा नव्हे. तरी त्यांतील भेद सर्वत्र ध्यानांत ठेवण्याजोगा आहे. रस्त्यावर चालण्याचा हक्क आणि रस्ता खणण्याचा हक्क हे दोन निराळे हक्क होत.

आमच्या शास्त्रकारांनींही ‘ज्यास सांपडलें त्याचें’ असा सरसकट नियम कोठें केलेला नाहीं. हरवलेली वस्तु आपली म्हणणाऱ्यानें तिचें रूप, संख्या इत्यादि सांगावें, न सांगतां आल्यास तेवढ्याच किंमतीचा दंड द्यावा, असें मनु म्हणतो. कौटिल्यानें निधि कळविणाऱ्यास सहावा हिस्सा नेमून दिला आहे आणि एक लक्षावरील निधि राजाचा ठरविला आहे. विद्वान ब्राह्मणास सांपडलेला निधि सगळाच त्यानें ठेवावा, असेंही मनूनें म्हटलें आहे. परंतु तें वाचून आमच्या वाचकांपैकीं कोणीं हुरळून जाऊं नये. हिंदुस्थानांतील १८७८ च्या निधिविषयक कायद्यांत ती सवलत नाहीं! या सर्वांचें सार एकच: सांपडलेली वस्तु लपवूं नये, ज्याचा संबंध पोंचतो त्यास आधीं सांगावें.

आतां घरमालकाची बाजू. त्याचा हक्क कागदावर लंगडा असेल. पण वर्षानुवर्षें ज्यानें तें गवत पाण्यानें शिंपलें व कापलें, त्याच्या खिडकीसमोर एक अनोळखी मनुष्य कानांस यंत्र लावून माती उकरूं लागला, तर त्याच्या मनांत काय येईल? आपल्या ओट्यासमोरची रांगोळी कोणी वहाणेनें तुडवीत उभा राहिला व ‘ही जागा नगरपालिकेची’ म्हणाला, तर आपल्यास काय वाटेल? शेजारधर्म कायद्याच्या पुस्तकांत लिहिलेला नसतो म्हणून तो नसतोच, असें थोडेंच आहे?

म्हणून आम्हीं त्या मुलास पत्र लिहिलें. प्रथम, नगरसंस्थेच्या कचेरींत विचारून लेखी उत्तर मिळवावें. नियमांचा अर्थ आपण लावूं नये. दुसरें, कचेरीचें उत्तर अनुकूल आलें तरी यंत्र सुरू करण्यापूर्वीं घराची घंटा वाजवावी, नांव सांगावें, आपण काय करणार तें सांगावें, आणि ‘नको’ म्हटल्यास कागद न काढतां आभार मानून निघावें. कागद पोलिसांसाठीं आहे, शेजाऱ्यासाठीं नव्हे. तिसरें, खणावें तें असें कीं मागें खूण राहूं नये: गवताची चकती तीन बाजूंनीं कापून चौथी बाजू बिजागरीसारखी जोडलेली ठेवावी, माती फडक्यावर काढावी, सगळी परत घालून पायानें दाबावी. कडक उन्हाळ्यांत, गवत तहानलेलें असतां, खणूंच नये. कापलेलीं मुळें सुकतात व तेथें पिवळा डाग उमटतो. चौथें, या पट्ट्याखालून पाण्याच्या तुषारनळ्या, वायूचे नळ व तारा गेलेल्या असतात; अमेरिकेंत खणण्यापूर्वीं त्यांची चौकशी करण्यासाठीं २००७ पासून ८११ हा क्रमांक देशभर आहे, त्याचा उपयोग करावा. पांचवें, जें सांपडेल तें खिशांत घालण्यापूर्वीं घरच्या माणसास दाखवावें.

सूनबाईंस आम्हीं एवढेंच कळविलें कीं, कुलूप लावल्यानें यंत्र सुरक्षित राहील, मुलगा शहाणा होणार नाहीं. ज्या देशांत त्यास जन्म काढावयाचा आहे, तेथील परक्याच्या दारांत उभें राहून सभ्यपणें चार शब्द बोलण्याची विद्या त्यास आज ना उद्यां लागणारच. ती शिकण्यास हा छंद कांहीं वाईट शाळा नव्हे. पहिल्या कांहीं दिवशीं बापानें सोबत जावें.

कुलूप निघालें. पुढील दोन महिन्यांत कित्येक दारांवर त्यास नकार मिळाला, कित्येक दारें उघडलींच नाहींत. एका घरीं मात्र एक वृद्ध गृहस्थ स्वतः काठी टेकीत बाहेर आले व त्यांनीं सांगितलें कीं, त्यांच्या लहानपणीं या मॅपलच्या झाडाखालीं बसगाडी थांबत असे, तेथें पाहा. तेथें सहा बोटें खालीं १९४४ सालचें दहा सेंटांचें चांदीचें नाणें निघालें. मुलानें तें त्यांच्या हातावर ठेवलें. त्यांनीं तें उलटसुलट करून पाहिलें, आणि ‘तूंच ठेव’ म्हणून परत दिलें. कायद्याचें पुस्तक उघडून तो कितीही वेळ बसला असता, तरी बस कोठें थांबत होती हें त्यास कळलें नसतें. पहिल्या घरासमोरून तो अजून पलीकडल्या बाजूनें जातो.

आमचे वकील स्नेही अद्यापि म्हणतात कीं, मुलानें हक्क सोडला. आम्ही म्हणतों, त्यानें हक्क मागें ठेवला व माणूस पुढें केला. हा वाद कट्ट्यावर अजून मिटलेला नाहीं. मिटूं नये अशीही आमची इच्छा आहे, कारण संध्याकाळ बरी जाते.

जातां जातां एक सूचना. परदेशांतील नातवंडें सुटींत इकडे येतांना असलें यंत्र बरोबर आणूं म्हणतील. त्यांस आधींच सांगून ठेवावें कीं, आपल्याकडे दहा रुपयांहून अधिक किंमतीचा निधि सांपडल्यास जिल्हाधिकाऱ्यास लेखी कळविणें १८७८ च्या कायद्यान्वयें बंधनकारक आहे, आणि संरक्षित किल्ल्यांवर व स्मारकांच्या आवारांत परवानगीवांचून खणणें हा तर गुन्हाच आहे. रायगडच्या मातींतली वस्तु जेथें व ज्या थरांत पडली तेथेंच ती अभ्यासकाशीं बोलते. उकरून खिशांत घातली कीं ती मुकी होते. मुलांस किल्ला अवश्य दाखवावा. यंत्र मात्र घरीं ठेवावें.