आपा, तुम्हालाही असं व्हायचं?

आमच्या महाड-पोलादपूरच्या बाजूला वयं अजून आपत्तींवरून सांगतात. हा दरडीच्या वर्षीचा, म्हणजे २००५ चा. ही सावित्रीचा पूल गेला त्या पावसातली, म्हणजे २ ऑगस्ट २०१६ च्या आसपासची. २४ ऑगस्ट २०२० ला महाडच्या काजळपुऱ्यात तारिक गार्डन ही इमारत कोसळली, १६ माणसं गेली. वर्ष पुरं व्हायच्या आत, २२ जुलै २०२१ ला, तळिये गावावर डोंगर आला आणि ऐंशीहून जास्त माणसं गाडली गेली. त्याच पावसात पोलादपूरकडे केवनाळे आणि सुतारवाडीत दरडी आल्या, आणि महाडची बाजारपेठ पाण्यात होती.

सावित्रीवरचा नवा पूल १६५ दिवसांत उभा राहिला. त्याचं कौतुक झालं, व्हायलाच हवं होतं. पण पत्र्यावर रात्री पावसाचा आवाज वाढला की अंथरुणात उठून बसणारी माणसं आमच्या गावात आजही आहेत, आणि त्यांना त्याबद्दल विचारायला कोणी आल्याचं मला आठवत नाही.

मी वरंध घाटाच्या पायथ्याच्या गावात राहते. माझा आजार मात्र यातल्या कुठल्याच आपत्तीतून आलेला नाही, आणि हे मी मुद्दाम सांगते. दरड कोसळली तर माणूस खचणार हे लोकांना पटतं. माझं घर शाबूत होतं. नवरा कतारला, पैसे वेळेवर येत होते, दुसरं बाळंतपण २०१९ मध्ये सुखरूप झालं होतं. तरी सहा आठवड्यांनी माझी भूक गेली, झोप गेली, आणि मांडीवरच्या बाळाकडे बघून काहीच वाटेना. "तुला कमी काय आहे?" हा प्रश्न तेव्हा मला रोज कोणी ना कोणी विचारायचं. त्याला उत्तर नसतं. उत्तर नाही म्हणून माणूस बोलायचंच सोडून देतो.

सासूबाईंनी तावीज आणला, पाणी पढून आणलं. त्यांच्या त्या धावपळीवर हसणारे आपले काही सुशिक्षित तरुण मला आवडत नाहीत. त्या बाईने चार महिने माझं बाळ सांभाळलं. डॉक्टर कुठे गाठायचा हे तिला ठाऊक नव्हतं, दर्गा ठाऊक होता. शेवटी भोरमार्गे पुण्याला गेलो आणि एका डॉक्टरीणबाईंनी दहा मिनिटांत आजाराचं नाव सांगितलं. औषध सुरू झालं. अडीच महिन्यांनी एक दिवस मला भाकरीचा वास आला. म्हणजे नाकाला येतच असणार, पण त्या दिवशी खावीशी वाटली.

बरी झाल्यावर जे कळलं ते डॉक्टरांच्या चिठ्ठीत लिहिलेलं नसतं. पावसात वरंध घाट बंद होतो, मग पुण्याला ताम्हिणीमार्गे वळसा घालून जायचं किंवा जायचंच नाही. म्हणून जून लागायच्या आत दीड-दोन महिन्यांचं औषध डॉक्टरांना विचारून आणून ठेवायचं, कारण या गोळ्या एकदम बंद झाल्या की त्रास होतो. ते बरणीत ठेवायचं आणि बरणी माळ्यावर, कारण पाणी घरात शिरतं. रमजान येण्याआधीच डॉक्टरांना गाठून सहरी आणि इफ्तारच्या वेळेत गोळ्या बसतात का हे विचारायचं. लिथियमसारखं औषध चालू असेल तर दिवसभर पाणी न पिणं धोक्याचं ठरू शकतं. आजारी माणसाला रोज्यातून सवलत आहे हे आपल्यात लहान मुलांनाही माहीत असतं. पण डिप्रेशन हा "आजारी" मध्ये मोजला जातो का, हा प्रश्न मौलानांना विचारायची हिंमत घरातल्या किती सुनांना होते?

हे सगळं मला कोणी आधी सांगितलं असतं तर माझे निदान दोन पावसाळे सोपे गेले असते. माझा मुद्दा एवढ्यातच आहे. जो या वाटेने जाऊन आला आहे त्याच्याकडे वाटेची माहिती असते, आणि ती माहिती ही सेवा आहे, तिला किंमत आहे.

महाराष्ट्रात हे नवं नाही. डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी १९८६ मध्ये पुण्यात मुक्तांगण सुरू केलं. तिथे व्यसनातून बाहेर आलेली माणसं पुढे कार्यकर्ते झाली, समुपदेशक झाली. नव्याने दाखल झालेल्या दारुड्याला जेव्हा समोरचा सांगतो की मीही याच खाटेवर थरथरत पडलो होतो, तेव्हा त्याच्या थापा संपतात. डॉ. जगन्नाथ वाणींनी पत्नीचा आजार वर्षानुवर्षं जवळून पाहिला होता. त्यातून पुण्यात स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशन उभी राहिली, आणि 'देवराई' या २००४ च्या चित्रपटामागेही तेच होते. बापू ट्रस्टच्या भार्गवी दावर यांनी आईच्या वाट्याला आलेलं पाहिलं आणि संस्थेला आईचं नाव दिलं. पुण्याच्या वस्त्यांमधल्या त्यांच्या कामाचं नाव 'सेहर' आहे.

पुण्या-ठाण्याच्या गटांमध्ये रुग्णाला शुभार्थी म्हणतात आणि सांभाळणाऱ्याला शुभंकर. शब्द छान आहेत. आमच्या मोहल्ल्यात चालायचे नाहीत. आमच्याकडे मला "ती बसायला येते" एवढंच म्हणतात, आणि मला ते पुरतं.

कारण मी खरोखर बसायलाच जाते. पहिल्या दिवशी आजाराचं नावसुद्धा काढत नाही. सोडे निवडत असतील तर सोडे निवडते, लसूण सोलते. हात कामात असले की नजरेला नजर द्यावी लागत नाही, आणि बोलणं सोपं होतं. गेल्या हिवाळ्यात एका मुलीकडे मी पाच वेळा गेले. (तिची ओळख लागेल असं काही इथे लिहीत नाही.) चौथ्या वेळी तिने मान वर न करता विचारलं, "आपा, तुम्हालाही असं व्हायचं?"

"व्हायचं. सकाळी दात घासायलासुद्धा उठवत नसे."

"मग?"

"मग एक दिवस नुसती चूळ भरली. तेवढंच."

ती हसली. पुढच्या आठवड्यात तिच्या आईबरोबर आम्ही तिघी डॉक्टरांकडे गेलो. समुपदेशनाचं पुस्तक मी नंतर वाचलं, त्यात याला काहीतरी मोठं नाव आहे. नावाशिवायही ते चाललं.

आता याची दुसरी बाजू. ज्याचं जळतं त्याला कळतं हे खरं, पण ज्याचं जळलं त्याला दुसऱ्याची आग विझवता येतेच असं नाही. माझा अनुभव माझ्या एका आजाराचा आहे. आवाज ऐकू येणाऱ्या मुलाला मी काय सांगणार? "मला या गोळीने बरं वाटलं, तूही घे" हे वाक्य तर आमच्यात पूर्ण बंद असायला हवं. कोणी जीव द्यायची भाषा केली तर ते गुपित म्हणून पोटात ठेवायचं नाही. त्या माणसाला एकटं सोडायचं नाही, घरातल्या एका विश्वासाच्या माणसाला सांगायचं, डॉक्टर गाठायचा, आणि रात्र असेल तर टेलि-मानसचा १४४१६ लावायचा, तिथे मराठीत बोलता येतं. पोलिसांच्या भीतीने कितीतरी घरं असा प्रयत्न लपवतात. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याचं कलम ११५ सांगतं की असा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र ताणाखाली होती असं धरायचं, तिला शिक्षा करायची नाही. हे कलम जुम्म्याच्या खुतब्यानंतर दोन मिनिटं सांगितलं तर काय बिघडेल?

म्हणून प्रशिक्षण हवं, आणि मागे उभं राहणारं जाणकार माणूस हवं. नाशिक जिल्ह्यातल्या गावांत पुण्याच्या इंडियन लॉ सोसायटीच्या मानसिक आरोग्य केंद्राने 'आत्मीयता' नावाचं काम केलं. गावातलीच माणसं निवडली, त्यांना नीट ऐकायला शिकवलं, फोनवर छोट्या फिल्म दिल्या, आजार गंभीर वाटला तर सरकारी दवाखान्यात पाठवायचं आणि कोणाची पेन्शन वा योजना अडली असेल तर तीही मार्गी लावायला मदत करायची. मला हा शेवटचा भाग फार शहाणपणाचा वाटतो. निम्म्या वेळा माणसाच्या छातीवरचं ओझं रेशनकार्डाचं असतं. ते काम पुढे गुजरातच्या मेहसाणा जिल्ह्यात गेलं.

त्याच मेहसाणा जिल्ह्यात उनावाचा मीरा दातार दर्गा आहे. तिथे दवा आणि दुआ एकत्र असा प्रयोग झाला: मुजावर आलेल्या माणसाला दुआ देतात आणि डॉक्टरांकडेही पाठवतात. दुसऱ्या टोकाला तमिळनाडूतलं एरवाडी. ६ ऑगस्ट २००१ ला तिथल्या झोपडीला आग लागली तेव्हा साखळदंडाने बांधलेली २८ माणसं जळून मेली, पळता आलं नाही म्हणून. आज कायद्याने माणसाला साखळीने बांधायला बंदी आहे. दर्ग्याला शिव्या देऊन आपल्या आयाबहिणी दर्ग्यात जायच्या थांबणार नाहीत. तिथल्या माणसाला डॉक्टरचा पत्ता माहीत असणं आणि तो पत्ता देण्यात त्याला कमीपणा न वाटणं, हे मात्र घडवून आणता येतं.

आणि पैसे. याबद्दल बोललं की लोकांचे चेहरे पडतात. खिदमत आहे, सवाब मिळेल, असं म्हणतात. सवाब मिळेल, इन्शाअल्लाह, पण महाडहून एसटीचं भाडंही लागतं. आमच्या जिल्ह्याचं मुख्यालय अलिबाग, तिकडे पेशंटला घेऊन जाऊन यायचं म्हणजे दोन माणसांचा अख्खा दिवस आणि एकीची मजुरी. हे काम बाया करतात म्हणून ते फुकट धरलं जातं, हे माझं स्पष्ट मत आहे. पुरुष करायला लागले तर मानधन ठरायला एक बैठक पुरेल. आणि पुरुषांनी करायलाच हवं. आखातातून कायमचे परत आलेले, दिवसभर ओट्यावर गप्प बसणारे कितीतरी आहेत आमच्याकडे. त्यांच्याशेजारी बसायला मी जाऊ शकत नाही.

हा लेख माझ्या नावाने यावा की नाही यावर घरात दोन महिने बोलणं चाललं. धाकट्या बहिणीची सोयरीक जमवायची आहे. अम्मीचं म्हणणं सरळ होतं: आधी निकाह होऊ दे, मग काय लिहायचं ते लिही. तिचं चूक आहे असं मी म्हणणार नाही. "त्यांच्या घरात वेडाचं आहे" हे वाक्य घाटाखालच्या गावांत फोनपेक्षा लवकर पोचतं. बरं झालेल्या माणसाने पुढे यावं, व्यासपीठावर बोलावं, असं शहरातले कार्यकर्ते सहज सांगतात. त्याची किंमत व्यासपीठावर नसलेली बहीण देते. म्हणून कोणावरही उघड बोलायची सक्ती नसावी. एका घरात, लसूण सोलताना बोललं तरी ते काम पूर्ण आहे. बहिणीने स्वतः सांगितलं, नाव राहू दे, त्यावरून स्थळ मोडणार असेल तर आताच मोडलेलं बरं. अम्मी अजून माझ्याशी धड बोलत नाही.

मागच्या महिन्यात जमातीकडे मी एक अर्ज दिला आहे. तीन बाया आणि दोन पुरुष, सगळे स्वतः या आजारांतून गेलेले. पाच जणांचं प्रशिक्षण, वर्षभराचा प्रवासखर्च, आणि मदरशाची मागची खोली आठवड्यातून एकदा दुपारी दोन तास. खोलीला हो म्हणाले आहेत. खर्चाचं पुढच्या बैठकीत बघू म्हणाले.